वर पोहोचल्यावर पाच मिनिटे

डिचोली तालुक्यातील एका ३८ वर्षांच्या वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या बँकेत नोकरी करतात आणि त्यांची ३१ वर्षांची अविवाहित नणंद शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. दोघी एकाच घरात राहतात. नणंदेच्या आग्रहावरून त्यांनी तीन वर्षांपूर्वी माउंटन बाइक घेतली आणि आता ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचल प्रदेशात होणाऱ्या सहा दिवसांच्या, सहा टप्प्यांच्या शर्यतीत दोघींनी मिळून एक संघ म्हणून नाव नोंदवले आहे. सर्वांत कठीण टप्पा ८५ किलोमीटरचा आणि २,२०० मीटर चढाईचा असून तो दहा तासांच्या आत पुरा करावा लागतो. चोर्ला घाटातील सरावात केरीपासून माथ्यापर्यंतची सुमारे ७०० मीटरची चढाई नणंद एक तास दहा मिनिटांत करते, यांना एक तास अठ्ठावीस मिनिटे लागतात. "ती वर थांबलेली असते. मी पोहोचले की 'निघूया, वहिनी?' असे विचारते आणि मी हो म्हणते. सकाळी चहा घेऊन निघाल्यापासून पहिला दीड तास, म्हणजे निम्म्या घाटापर्यंत, ती मला वळणावर दिसत असते. मग माझे पाय जड होतात. ती आठवड्यातून पाच दिवस सराव करते. मला सकाळचे चार डबे आणि बँक यांतून रविवार आणि एखादी सकाळ मिळते. मागच्या महिन्यात तिची चेन तुटली तेव्हा ती मी जोडून दिली, पण तेवढे सोडले तर माझा या संघाला काही उपयोग नाही. तिची शर्यत माझ्यामुळे वाया जाणार आहे," असे त्या लिहितात. नणंदेच्या ओळखीची एक तरुण मुलगी जोडीदार व्हायला तयार आहे आणि जोडीदार बदलण्याची मुदत १५ ऑगस्ट ही आहे. मुलाच्या सहामाही परीक्षेचे कारण सांगून गुपचूप बाजूला व्हावे का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमचे पत्र मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा घाटमाथ्यावरच्या त्या दोन वाक्यांपाशी थांबले. नणंद विचारते, "निघूया, वहिनी?" आणि तुम्ही हो म्हणता. त्याआधी काय घडलेले असते ते जरा हिशेबाने पाहू. तुम्ही येईपर्यंत तिला अठरा मिनिटे मिळालेली असतात. तेवढ्या वेळात तिचा श्वास खाली बसतो, ती पाणी पिते, खिशातले काहीतरी खाते, पाय मोकळे करते आणि धुके असेल तर जाकीटही चढवते. तुम्ही मात्र छातीचा भाता चालू असताना, एक पाय जमिनीवर टेकवून, घाम पुसण्याआधीच पुढे निघता. या प्रसंगाला तुम्ही दोघीही "तिने वहिनीसाठी थांबणे" म्हणत असाल, पण त्या थांबण्यातली सगळी विश्रांती तिच्या वाट्याला जाते आणि तुमच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. पुढच्या चढावर अंतर आणखी वाढते आणि ते वाढलेले अंतर तुम्ही स्वतःच्या दुबळेपणाच्या खात्यावर मांडता. रोज ताळेबंद पाहणाऱ्या बाईने ही नोंद इतकी वर्षे चुकीच्या खात्यात करावी, याचे मला मनापासून वाईट वाटले.

"तिची शर्यत" या तुमच्या शब्दांबद्दलही मला बोलायचे आहे. शर्यत तिची आणि तुम्ही तिच्या मागे जोडलेला डबा, असे तुम्ही धरून चालला आहात. दोघांच्या संघाची शर्यत अशी आखलेलीच नसते. आल्प्स पर्वत ओलांडणारी ट्रान्सआल्प १९९८ साली सुरू झाली ती जोड्यांसाठी. दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक २००४ पासून होते आणि तिथेही आठ दिवस, सहाशे-सातशे किलोमीटर, जोडीनेच जावे लागते. त्या शर्यतीत दोघांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडलेले चालत नाही आणि पडले तर संघाच्या वेळेत शिक्षा म्हणून एक तास मिळवला जातो. संघाची वेळ धरतात ती मागचा सायकलस्वार रेषा ओलांडतो तेव्हाची. पुढचा किती आधी पोहोचला होता, याची नोंद निकालात कुठेच नसते. तुमच्या शर्यतीच्या नियमपुस्तिकेत अंतराचा आकडा काय आहे, तो आधी वाचून काढा. त्या आकड्यात बसायचे असेल तर नणंदेला चोर्ल्याच्या माथ्यावर अठरा मिनिटे आधी पोहोचण्याची सवय मोडावीच लागेल, मग जोडीला तुम्ही असा की दुसरी कोणी.

हा नियम कशासाठी केलेला असतो, ते मला फार उशिरा कळले. काही वर्षांपूर्वी एका डोंगरी शर्यतीत मी पुढे राहणारी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लांब उतारावर जोडीदारणीला मागे टाकून मी खाली आले आणि पाण्याच्या ठिकाणी तिची वाट पाहत, खरे सांगायचे तर चिडचिड करत, उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी दुसऱ्या एका संघातल्या मुलाने येऊन सांगितले की ती वळणावर पडली आहे. मी वर चालत गेले तेव्हा ती एका दगडावर बसून, उजवे मनगट पोटाशी धरून, डाव्या हाताने बाटलीचे बूच उघडू पाहत होती. तिला पाणी हवे होते आणि तेवढ्या वेळात तिथे थांबलेले कोणीही नव्हते. मी बूच उघडून दिले. त्यानंतर उतारावर जोडीदार नजरेआड झाला की मी ब्रेक दाबते.

आता तुमच्या भीतीचे गणित मांडू, कारण भीती आकड्यांत उतरली की तिचे खरे आकारमान दिसते. ७०० मीटर चढाई एक तास अठ्ठावीस मिनिटांत म्हणजे ताशी सुमारे ४७५ मीटर. नणंदेचा वेग ताशी ६०० मीटर. सर्वांत कठीण दिवसाच्या २,२०० मीटरसाठी तिला सुमारे तीन तास चाळीस मिनिटे लागतील आणि तुम्हाला चार तास चाळीस मिनिटे. सहा दिवसांतल्या सर्वांत अवघड दिवशीही फरक एका तासाचा आहे. विरळ हवा आणि साठलेला थकवा यांसाठी तुमचा वेग वीस टक्क्यांनी कमी धरला, तर चढाई पावणेसहा तासांची होईल. उतार आणि सपाटीसाठी तीन तास धरले, तर पावणेनऊ तासांत तुम्ही पोहोचता. दहा तासांच्या मर्यादेत सव्वा तास शिल्लक राहतो आणि त्यात एखादे पंक्चर आणि खाण्याचे थांबे बसतात. ही शिलकी फार मोठी नाही, हे मान्य आहे, पण "संघाला बुडवणारी" म्हणावे अशी तुमची परिस्थिती या आकड्यांत मला कुठेही दिसत नाही.

दीड तासानंतर पाय जड होतात, असे तुम्ही लिहिले आहे. चहा घेऊन निघालेल्या माणसाचे पाय दीड तासाने जड होणारच. रात्रभराच्या उपवासानंतर शरीरातला साखरेचा साठा आधीच उतरलेला असतो आणि चढावर तो झपाट्याने संपतो. तुम्ही घाटात काही खाता का, ते पत्रात नाही. माझा अंदाज असा आहे की खात नसाल, कारण खायला थांबले तर आणखी उशीर होईल, ही लाज मागे राहणाऱ्या प्रत्येकाला असते आणि त्या लाजेपोटीच तो आणखी मागे राहतो. निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज घ्या. तेवढा वेळ नसेल तर उंडो आणि केळे चालेल. मग सायकलवर दर तासाला सुमारे ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात. अर्ध्या लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि लिंबू घातले तर आणखी ३५ ग्रॅम होतात. तहान-भूक लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी थोडे थोडे घेत जायचे. काजू आणि लाडू संध्याकाळसाठी ठेवा, कारण तुपा-तेलाचे पदार्थ चढावर पोटात बसून राहतात. ही एवढी एक गोष्ट बदलून तीन रविवार घाट चढा आणि मगच स्वतःच्या ताकदीबद्दल मत बनवा.

दुसरे कारण तुमच्या पत्रातच आहे, पण तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. नणंद पाच दिवस सराव करते, तुम्ही एक किंवा दोन दिवस. इतक्या कमी सरावावर तुम्ही तिच्यापेक्षा ७०० मीटरला फक्त अठरा मिनिटे मागे असाल, तर तुमच्या शरीरात पुष्कळ काही अजून वापरायचे बाकी आहे. पहाटे साडेपाचला ती सायकल बाहेर काढते तेव्हा तुम्ही चार डबे भरत असता आणि त्या चार डब्यांपैकी एक तिचा असणार. हे लिहिताना मी तिला दोष देत नाही. आपल्या घरांत या गोष्टी इतक्या मुकाट्याने चालतात की डबा घेणाऱ्याच्या आणि डबा देणाऱ्याच्याही ते ध्यानात येत नाही. पण दोघींचा संघ असेल तर सरावाचे तास हे संघाचे तास आहेत आणि त्यांची वाटणी दोघींनी बसून करायला हवी. आठवड्यातल्या दोन सकाळी डब्यांची जबाबदारी तुमचे यजमान आणि नणंद या भावंडांनी घ्यावी, असे स्पष्ट शब्दांत सांगा. "जमलं तर बघा" असे सांगू नका. मंगळवार आणि गुरुवार, असे वार ठरवून सांगा. सासूबाईंना हे पहिल्या आठवड्यात विचित्र वाटेल. दोन महिन्यांचा प्रश्न आहे, हे त्यांना सांगितले तर बहुधा त्याच एखादा डबा भरून ठेवतील.

तिसरी गोष्ट डॉक्टरांची आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असेल तर सपाटीवर फारसे जाणवत नाही, पण चढावर दम लागतो आणि माणूस समजतो की आपले वय झाले. या आठवड्यातच हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी निघाले तर ते भरून यायला काही आठवडे लागतात, म्हणून ही तपासणी सप्टेंबरवर टाकण्यात अर्थ नाही.

आता चेनबद्दल. तुमच्या पत्रातले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि तुम्ही ते "तेवढे सोडले तर" या शब्दांत गुंडाळून ठेवले आहे. सहा दिवसांच्या शर्यतीत चिखल, दगड आणि पाऊस यांतून जाणाऱ्या दोन सायकलींचे काही ना काही मोडणार, हे जवळजवळ ठरलेले असते. चेन तुटते, टायरला चीर जाते, मागचा गिअर सायकलला जोडणारी पट्टी, म्हणजे हँगर, दगडावर आपटून वाकतो. ज्या संघात हे दुरुस्त करणारे कोणी नसते तो संघ सायकल खांद्यावर घेऊन चालू लागतो आणि तुम्हाला ज्या एका तासाची भीती आहे त्याहून जास्त वेळ एकाच दुपारी गमावतो. पावसात रस्त्याकडेला उकिडवे बसून, बोटे काळी करून घेत, तुटलेली कडी काढायची, क्विक लिंकची, म्हणजे चेन जोडायच्या सुट्या कडीची, दोन टोके जुळवायची आणि मागचा ब्रेक धरून पेडलवर पाय दाबून ती "टक्" अशी बसवायची, हे काम शांत डोक्याने करणारी व्यक्ती संघात असणे ही मोठी मिळकत आहे. नणंदेने पाहिलेली ती तरुण मुलगी चढावर वेगवान असेल, पण तिला चेन जोडता येते का, हे कोणी विचारले आहे का?

उंचीबद्दलही एक समज बाजूला ठेवायला हवा. आपल्या गोव्यातले सर्वांत उंच शिखर, सोसोगड, हजार मीटरहून थोडेच उंच आहे. हिमाचलात जलोरीसारखी खिंड ३,१०० मीटरच्या आसपास असते आणि ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच उरतो. साधारण २,५०० मीटरच्या वर डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, चक्कर येणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे कोणालाही दिसू शकतात आणि उत्तम तंदुरुस्ती त्यापासून वाचवत नाही. उलट दमदार माणूस लवकर वर जातो, लक्षणे दाबून ठेवतो आणि जास्त अडचणीत येतो. म्हणजे चोर्ल्याला जी पुढे आहे तीच चौथ्या दिवशीही पुढे असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी तिकडे पोहोचा आणि लक्षणे असताना वर चढायचे नाही, खाली यायचे, हे दोघींनी आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी सावकाश जाणारी, बोलणारी, जोडीदाराच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवणारी बाई कदाचित तुम्हीच असाल.

हे सगळे असूनही तुमच्यापुढचे मार्ग मोकळे आहेत आणि त्यांचा विचार व्हायला हवा. परीक्षेचे कारण सांगून बाजूला होण्याचा मार्ग मला अजिबात पटत नाही. एकाच घरात राहून असे कारण टिकत नाही. मुलगाच एके दिवशी जेवताना सहज काहीतरी बोलून जाईल. शिवाय त्या कारणाने तुम्ही नणंदेच्या वतीने तिचा निर्णय परस्पर घेऊन टाकता. तिला काय हवे आहे, हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेले नाही, कारण तुम्ही तिला ते विचारलेले नाही. तीन वर्षांपूर्वी तिने आग्रह करून तुम्हाला सायकल घ्यायला लावली होती. वेगवान जोडीदारच हवी असती तर ती तिला तेव्हाही मिळाली असती.

खरे सांगून बाजूला होणे हा मात्र सन्मानाचा मार्ग आहे आणि काही परिस्थितींत तोच योग्य ठरेल. नणंदेला पहिल्या तिनांत यायचेच असेल आणि त्यासाठी ती दोन वर्षे झटत असेल, तर तिने वेगवान जोडीदार घ्यावी आणि तुम्ही मनापासून तिला पाठवावे. तपासणीत डॉक्टरांनी नको म्हटले, किंवा खाणे आणि सराव सुधारूनही १५ ऑगस्टपर्यंत दोन दिवस सलग सायकल चालवणे तुम्हाला जमले नाही, तरीही थांबणेच बरे. शर्यतीत एकेरी गट असेल तर दोघींनी स्वतंत्र नावे देण्याचा पर्यायही आहे. आयोजकांना एक पत्र लिहून विचारा. पण उंच डोंगरात पहिल्यांदाच जाणाऱ्या व्यक्तीने एकटीने जाण्यापेक्षा जोडीने जावे, असे माझे मत आहे आणि पहिल्या शर्यतीसाठी तरी मी ते बदलणार नाही.

नणंदेशी बोलायचे कुठे, यालाही महत्त्व आहे. सायकलवर किंवा घाटमाथ्यावर बोलू नका. दमलेली माणसे नको ते बोलतात. घरी सगळ्यांसमोरही नको. दोघी कुठेतरी चहाला जा आणि आधी तिला विचारा, "या शर्यतीतून तुला काय हवं आहे?" मग ती पूर्ण बोलेपर्यंत मध्ये बोलू नका. त्यानंतर तुमची भीती सांगा, अठरा मिनिटांचा हिशेब सांगा आणि तिला मदतीची वाटणारी पण तुम्हाला मुळीच मदत न करणारी वाक्येही सांगा. "थोडंच राहिलंय, चल चल" हे पुढे उभे राहून म्हटलेले वाक्य मागून येणाऱ्याला किती लागते, हे पुढच्याला कधीच कळत नाही. या वाक्यावर दोघींनी मिळून बंदी घाला. वय, मान आणि नाते यांमुळे वहिनीने असे बोलणे तुम्हाला अवघड वाटेल. ती तुम्हाला वहिनी म्हणते म्हणूनच पहिला शब्द तुम्ही काढायला हवा. ती काढणार नाही.

एकत्रच जायचे ठरले, तर चालवण्याची पद्धत बदला. आपल्याकडे किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल. दोन्ही दोरांवरची माणसे एका लयीत मागे सरकतात. एका बाजूने जास्त जोर लावला तर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते, म्हणून जोर असलेली बाजूही दुसरीकडे बघून ओढते. लांब चढावर तुम्ही अर्धे चाक पुढे राहा आणि नणंदेने तुमच्या मागे किंवा बाजूला. वेग तुम्ही ठरवायचा आणि तो असा की पूर्ण वाक्य बोलता यावे. चढावर वेग कमी असल्याने मागे राहून वाऱ्याचा आडोसा फारसा मिळत नाही, त्यामुळे तिने पुढे जाण्याचा तिथे तुम्हाला काही फायदाही नाही. सपाटीवर आणि समोरून वारा असेल तेव्हा ती पुढे आणि तुम्ही तिच्या मागच्या चाकाजवळ. तिथे तिच्या ताकदीचा खरा उपयोग होतो. दोघींची हत्यारे, सुट्या ट्यूब आणि जादा पाणी तिच्या पाठीवर जाऊ द्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो आणि चढावर एक किलोही जाणवतो. हाताने ढकलणे किंवा दोरीने ओढणे चालते का, हे प्रत्येक शर्यतीत वेगळे असते. नियमात बसत असेल तर लाज न बाळगता त्याचा सराव करा. आणि कुठेही थांबलात तरी निघायचे कधी, हे मागून आलेलीने सांगायचे.

सरावाचे दिवस थोडे आहेत आणि त्यात आपला पावसाळा आहे. टप्प्यांच्या शर्यतीत पहिला दिवस कोणालाही जमतो. दमलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा बसणे हेच खरे काम असते. म्हणून ऑगस्टमध्ये किमान दोनदा सलग दोन दिवस लांब जा आणि १५ ऑगस्टच्या सुट्टीचा त्यासाठी उपयोग करा. दुसऱ्या दिवशीचा वेग कमी आला तरी चालेल; तो किती कमी आला, ते लिहून ठेवा. जांभ्या दगडाच्या सड्यांवर या दिवसांत शेवाळ असते आणि ते बर्फासारखे घसरते, तिथे उताराचा सराव नको. बंद खाणींचे रस्ते मोकळे दिसतात म्हणून तिकडे जाऊ नका, कारण पाण्याने भरलेल्या खाणींचे काठ पावसात कोसळतात. अभयारण्यांच्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नये, हेही लक्षात ठेवा. घाटात धुके असेल तर मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आपला लाल चिखल ब्रेकचे पॅड भराभर खातो, तेव्हा हिमाचलात जाताना प्रत्येकीने दोन-दोन जोड्या न्याव्यात. हँगर दोन सायकलींचे सहसा सारखे नसतात, म्हणून प्रत्येकीचा स्वतंत्र.

चवथीचे दिवस आधीच पंचांगातून वहीत मांडून ठेवा. माटोळी, नेवऱ्या, पाहुणे यांत तुम्हाला सायकलीकडे बघायलाही वेळ मिळणार नाही आणि त्या दिवसांत नणंद घाटात जाऊन आली की तुमच्या मनात पुन्हा तेच सगळे सुरू होईल. तो आठवडा दोघींनी ठरवून विश्रांतीचा धरा. आधीचे तीन आठवडे नीट झाले असतील तर या विश्रांतीने तुमचे काहीही बिघडणार नाही. शर्यतीपूर्वीच्या शेवटच्या दहा दिवसांत तर सराव कमीच करायचा असतो.

शर्यतीच्या तळावर पोट सांभाळा. २००७ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका चिखलातल्या माउंटन बाइक शर्यतीनंतर अनेक स्पर्धकांना जुलाब झाले होते आणि तपासात चिखलातून तोंडात गेलेल्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूंवर बोट ठेवले गेले. गुरे फिरतात त्या वाटांवर चाकाने उडालेला चिखल बाटलीच्या तोंडावर बसतो. झाकण असलेल्या बाटल्या घ्या, प्यायच्या आधी तोंड पुसा, एकमेकींची बाटली वापरू नका आणि संध्याकाळी बाटल्या गरम पाण्याने धुवा. मागे राहणाऱ्या संघाला तळावर कमी वेळ मिळतो, म्हणून आधी ओले कपडे बदलणे, मग खाणे, मग सायकली, मग झोप, असा क्रम घरीच ठरवून घ्या. पाळीची तारीख त्या सहा दिवसांत येत असेल तर तेही आधी एकमेकींना सांगा आणि त्या हिशेबाने सामान घ्या.

या रविवारी चोर्ल्याला जाल तेव्हा माथ्यावर सायकल कठड्याला टेकवा, खाली बसा आणि केळे सोला. ती विचारेल, "निघूया, वहिनी?" तेव्हा "पाच मिनिटं" म्हणा. आणि पाऊस जोराचा असेल अशा एखाद्या संध्याकाळी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून जुनी चेन काढा, नणंदेला समोर बसवा आणि तिच्याकडून ती स्वतःच्या हातांनी तोडून पुन्हा जोडून घ्या. पहिल्या वेळी तिला अर्धा तास लागेल. तो लागू द्या, मध्ये हात घालू नका.